बर्लिनला इंटर्नशिप, रूमचं डिपॉझिट आधीच टाकू का?

खामल्याची_पोट्टी
नमस्कार मंडळी, मी नागपूरचीच, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. ऑक्टोबरपासून बर्लिनला सहा महिन्यांची इंटर्नशिप लागली आहे, तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी कंपनी काढून देते म्हणाली, व्हिसाची अपॉइंटमेंट मुंबईची, ते सगळं लायनीवर आहे. गाडी अडली रूमवर. रोज वीस-वीस मेसेज टाकून राहिले तर उत्तर एखाद्याचं येतं. आता एक सापडली, ४२० युरो, फोटो एकदम चकाचक, पण मालक म्हणतो मी सध्या लंडनला आहे, दोन महिन्यांचं डिपॉझिट टाका, चावी कुरिअर करतो. पत्त्याची नोंदणी मात्र करून देणार नाही म्हणतो. बाबा म्हणून राहिले टाकून दे, हातची जाईल. टाकू का? आणि आईनं आतापासूनच तुपाची बरणी, खव्याची बर्फी अशी यादी काढली आहे, वरून ऑक्टोबरात आंबिया बहाराची संत्री येतेच, ती पण देणार म्हणे. हसा तुम्ही.

रिंगरोडवाला
एक रुपया टाकू नको बे! चावी कुरिअर करणारा मालक म्हणजे मालकच नाही, आणि बर्लिनमधे इतक्यात चकाचक रूम म्हणजे तिथंच शंका यायला पाहिजे होती. मी दोन वर्षांआधी तिथंच होतो. घरात राहायला गेलं की २ आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमधे, म्हणजे तिथल्या नागरिक-सेवा कार्यालयात, पत्ता नोंदवावा लागतो, आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. तो नाही तर नोंदणी नाही, आणि टॅक्स नंबरचं पत्र येतं ते त्या नोंदलेल्या पत्त्यावरच.

आता माझा पोपट ऐक. नोंदणी झाली, मी खुश, पत्र काही येईना. महिनाभरानं कळलं की तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच, पोस्टमन टपालाच्या डब्यावरचं नाव वाचून पत्र टाकतो, आणि माझ्या डब्यावर आधीच्या पोराचं नाव तसंच होतं. पत्र गेलं वापस. मग आईनं औषधांच्या डब्यात पांढरी चिकटपट्टी टाकली होती ती काढली, बॉलपेननं आडनाव लिहिलं, एक डब्यावर अन् एक बेलवर. सहा महिने तीच पट्टी होती, पावसात शाई पसरून आडनावातला एक काना गेला तरी पत्रं येत राहिली.

लेकीची_आई_प्रतापनगर
बेटा, आईला सांग की तूप-खवा काही चालायचं नाही, बाहेरच्या देशातून दुधाचे अन् मटणाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. संत्रीसुद्धा नाही, फळाला सरकारी सर्टिफिकेट लागतं. केळी, नारळ, खजूर अशी मोजकी पाच फळं सोडली तर सगळ्यालाच. आमचीनं विमानतळावर तुपाची बरणी टाकली तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त रडली. काळा मसाला, मुगवड्या, कुरडया दे म्हणा. आणि एक सांगते, डिसेंबरात तिथं चारच्या आत सूर्य बुडतो. आपण इकडे ४५ डिग्रीत सूर्याला शिव्या घालतो, ही पोरगी फोनवर म्हणे आई, आज ऊन पाहिलंच नाही.

सीताबर्डी_४४००१२
रिंगरोडवाले भाऊ बरोबर, पण नोंदणी न देणारा प्रत्येकच फ्रॉड नसतो. कोणी स्वतः भाड्यानं राहतो, मधले तीन महिने रूम दुसऱ्याला देतो, मूळ मालकाला कळू नये म्हणून कागद देत नाही. खरा माणूस असला तरी तुझ्या कामाचा नाही. मी असतो तर कंपनीच्या एचआरला मेल टाकला असता की आधीचे इंटर्न कुठं राहत होते, खूपदा तीच रूम पुढच्याला मिळते. रूम व्हिडिओ कॉलवर पहा, खिडकी उघडून रस्ता दाखव म्हणावं. डिपॉझिट कायद्यानं ३ महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही हीटिंग वगैरे खर्च सोडून जे भाडं असतं त्याच्या.

फिरायला डॉइचलांडटिकेट काढशील, महिन्याला ६३ युरो, लोकल बस-ट्राम-ट्रेन सगळं. पण ते आपोआप पुढं चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. मी ११ ला आठवण काढली होती.

हो, अन् रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध आणून ठेव.

खामल्याची_पोट्टी
बाबांना सगळं वाचून दाखवलं, काही बोलले नाही, पेपर उचलून गॅलरीत गेले. लंडनवाल्याला म्हटलं व्हिडिओ कॉल करा, खिडकीतून रस्ता दाखवा, तर तेव्हापासून नुसत्या निळ्या टिका. एचआरला मेल टाकला. चिकटपट्टी यादीत सगळ्यात वर लिहिली.
काकू, कुरडया चेक-इनच्या बॅगेत टाकू की हातातल्या? चुरा होईल ना त्यांचा.