व्हिएन्नातील बॉलसाठी वॉल्ट्झ किती यायला हवा?

प्रश्न
मी ऑक्टोबरपासून व्हिएन्नामध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. जानेवारीअखेरीस होणाऱ्या एका बॉलला, म्हणजे औपचारिक नृत्यसोहळ्याला, येण्याचा सहाध्यायांनी आग्रह केल्यामुळे आम्ही चौघांनी वॉल्ट्झ या जोडीने गिरक्या घेत करायच्या नृत्याच्या शिकवणीला नाव घातले आहे. पावले मोजत केली तर जमतात. मात्र संगीत सुरू झाले की चौथ्या-पाचव्या गिरकीलाच भोवळ येते आणि माझा पाय जोडीदाराच्या बुटावर पडतो. सहा आठवड्यांत किती येणे पुरेसे आहे? शिवाय अनोळखी व्यक्तीने नृत्यासाठी विचारल्यास नकार देणे असभ्य ठरते का?

उत्तर १
भोवळ येण्यात नवल नाही. व्हिएनीज वॉल्ट्झ तीन मात्रांचा असून मिनिटाला साधारण ६० आवर्तने होतात, आणि दर दोन आवर्तनांत एक पूर्ण गिरकी घ्यावी लागते. पायांकडे पाहू नका. नजर जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे ठेवा. डोके गरगरू लागले की गिरकी थांबवून जागच्या जागी, तालातच, मागेपुढे हेलकावे घ्यावेत. ही पळवाट नसून रीतसर शिकवली जाणारी चाल आहे. डावीकडची गिरकी तूर्त विसरा, ती प्रामुख्याने उद्घाटनाच्या नृत्यातील तरुण जोडप्यांसाठी असते. 'आलेस वाल्त्सर' (सर्वांनी वॉल्ट्झ करा) अशी घोषणा झाली की सर्वांना नाचायची मुभा मिळते, आणि मग इतकी दाटी होते की वीतभर पाऊल टाकायलाही जागा उरत नाही.

उत्तर २
वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु खरी अडचण पोशाखाची असते. अनेक बॉलना स्त्रियांसाठी पायघोळ पोशाख सक्तीचा असतो आणि मागे जाताना टाच नेमकी त्याच्या काठात अडकते, म्हणून शेवटचे दोन आठवडे सराव त्याच पोशाखात आणि त्याच बुटांत करावा. रबरी तळ फरशीला धरून ठेवतो, चामड्याचा बरा. नकार हसून देता येतो, फक्त लगेच त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर नाचू नये. मध्यरात्रीचे क्वाड्रिल, म्हणजे रांगांत उभे राहून करायचे सामूहिक नृत्य, मात्र चुकवू नका. सूचना फ्रेंचमध्ये दिल्या जातात, वेग वाढत जातो आणि रांगाच्या रांगा चुकतात, त्यामुळे नवख्यांना तिथे अजिबात अवघडल्यासारखे होत नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. काल हेलकाव्यांचा प्रयोग केला. पूर्ण गाणे न थांबता पार पडले आणि बुटावर पाय एकदाच पडला. क्वाड्रिलविषयी आमच्या शिक्षिकांनी अद्याप अवाक्षरही काढलेले नाही, तेव्हा पुढच्या तासाला मीच विचारते.