के-जेट्रॉनिक : थंड इंजिनचं आयडलिंग डुलतंय, मदत हवी आहे

१९८४ची के-जेट्रॉनिक (बॉशची यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम) असलेली गाडी. सोलापुरात सध्या सकाळी १६-१७ अंश असतं. स्टार्ट पटकन होते, पण आरपीएम ६०० ते ११०० असं डुलत राहतं, मधूनच बंद पडते. चार-पाच मिनिटांनी ८५० वर शांत. गरम झाल्यावर काहीही तक्रार नाही.

तपासलेलं असं : सिस्टिम प्रेशर ५.१ बार. वॉर्मअप रेग्युलेटरचा (इंजिन थंड असताना कंट्रोल प्रेशर कमी ठेवतो तो) विजेचा प्लग काढून, रात्रभर थंड इंजिनवर कंट्रोल प्रेशर २.६ बार, गरम झाल्यावर ३.६. थंडीतला आकडा मला जास्त वाटतो. कंट्रोल प्रेशर जास्त म्हणजे कंट्रोल प्लंजरवर (पेट्रोल मोजून सोडणारा दट्ट्या) दाब जास्त, म्हणून सेन्सर प्लेट (आत येणारी हवा मोजणारी तबकडी) कमी उचलते आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी). मॅग्नेटने प्लेट केसभर वर ओढली की इंजिन लगेच सुधारतं, म्हणजे लीनच. ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हचा (थंड इंजिनला जादा हवा देतो तो) पाइप थंडीत चिमटला की इंजिन बंद पडतं, गरम असताना फरक नाही; तो व्हॉल्व्ह ठीक धरतोय. इंजेक्टरचे ओ-रिंग आणि रबर बूट (हवेच्या वाटेवरचा रबरी जोड) नवीन. (आपल्याकडच्या उन्हाळ्यात बूट आधी तडकतो, म्हणून तो पहिला बदलला.)

आता प्रश्न. रेग्युलेटरच्या आतली जाळी तुंबली तर फक्त थंडीतलंच प्रेशर चढेल का? की सरळ बायमेटलची (रेग्युलेटरमधली उष्णतेने वाकणारी पट्टी) पिन आत ठोकून प्रेशर उतरवायचं? पिन जास्त आत गेली तर बाहेर काढणं कटकटीचं, म्हणून हात आखडलाय. एका वेळी किती ठोकावी? आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे किंवा पुण्यात रेग्युलेटर गेज लावून सेट करणारं कोणी आहे का?