पहिला कॅम्पर घ्यायचाय, २६ फुटी बंकहाउस आमच्या हायलँडरला झेपेल का?

एडिसनची_सून
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मी, नवरा आणि दोन मुलं (९ आणि ६), आणि एप्रिलमध्ये साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत. बाबांना दर तासा-दीड तासाने बाथरूम लागतं, आईंना सलग दोन दिवस बाहेरचं खाल्लं की त्रास होतो, त्यामुळे मागच्या खेपेला बिचारे कुठे फिरलेच नाहीत आणि ते माझ्या मनाला फार लागून राहिलंय. म्हणून यंदा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचं ठरतंय, बजेट २५ हजार डॉलर. एका डीलरकडे २६ फुटी बंकहाउस (मुलांसाठी एकावर एक बंक असलेला ट्रेलर) बघितला, ड्राय वेट ४,३०० पाउंड, आमची टोयोटा हायलँडर ५,००० पाउंड ओढते. सेल्समन म्हणतो आरामात ओढेल, पण शनिवारपर्यंत डिपॉझिट भरा नाहीतर जाईल. भरू का?

बिऱ्हाड_पाठीवर
ताई, जाऊ दे गेला तर, डिपॉझिट अजिबात भरू नका. आधी खाली जाऊन गाडीचा ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, तिथे खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं, तो आकडा वाचा. सेल्समन ५,००० बद्दल बोलतो, या आकड्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि गाडी मरते ती इथेच.
ड्राय वेट म्हणजे रिकामा डबा. पाण्याचा एक गॅलन साधारण ८.३ पाउंडांचा, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड तिथेच आले, वर गॅस सिलिंडर, बॅटरी, भांडी, अंथरुणं, तांदूळ-पीठ. ५,००० कधी ओलांडलं कळणार पण नाही. त्यातलं १० ते १५ टक्के वजन हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर), म्हणजे थेट तुमच्या गाडीवर बसतं, म्हणजे ५०० च्या वरच धरा. चार मोठी आणि दोन मुलं सातशेच्या आसपास. झाले १,२००, अजून डिकीत एक बॅगसुद्धा नाही. आणि हिचवर १० टक्क्यांपेक्षा कमी वजन ठेवलं तर ट्रेलर हायवेवर शेपटासारखा हलायला लागतो, आमचा एकदा आय-८१ वर शेजारून मोठा ट्रक गेल्यावर असा हलला होता की बायको नंतर तासभर बोलली नाही. ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा) आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हिचवरचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारा) लागेलच, पण त्याने स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.

गळकं_छप्पर
वरच्यांशी सहमत. बजेटमुळे जुना बघायला लागलात तर माझं ऐका. आम्ही २०२१ मध्ये आठ वर्षांचा घेतला, आत इतका छान वास, नवीन पडदे, मुलांनी लगेच आपापले बंक धरले, आम्ही भुललो. पहिल्याच पावसानंतर बंकच्या कोपऱ्यातली जमीन पायाखाली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबायला लागली. छतावरचं सीलंट तडकलेलं होतं, पाणी कित्येक वर्षं आत मुरत होतं, भिंत उघडली तर लाकूड बोटाने निघत होतं. दुरुस्तीत ६ हजार गेले. आता कोणीही विचारलं तर सांगतो, शिडी लावून वर चढाच, कोपरे न् कोपरे पायाने दाबा, बाहेरून भिंत फुगलीय का ते उजेड तिरका टाकून बघा, आणि सर्टिफाइड इन्स्पेक्टर आपण आपला आणा. टायरवर DOT या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ३५१९ असेल तर २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच.

फिरस्ती_मावशी
अगं, बाबांचं बघून मला वाटतं तुला ट्रेलर नकोच, क्लास सी मोटरहोम बघ, म्हणजे गाडी आणि घर एकातच. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नसतात, म्हणजे दर वेळी थांबा, बाबांना उतरवा, मागे चालवत न्या, पायऱ्या चढवा. मोटरहोममध्ये रेस्ट एरियात थांबलं की आतल्या आत दोन पावलं. फक्त मुलांच्या सीट समोर तोंड असलेल्या जागेवरच बसवायच्या, आडव्या सोफ्यावर नाही. पण ती २५ हजारात चांगली मिळणं कठीण, म्हणून आधी चार दिवस भाड्याने घे. मेरीलँडच्या असाटीग बेटावर जा, समुद्र आहे, रानटी घोडे आहेत, आईंना आवडेल. पॅलिसेड्स पार्कवे आणि न्यूयॉर्कचे पार्कवे चुकवायचे, रस्त्यावरून जाणारे पूल बुटके आहेत. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कला गेलीस तर मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंच आहे, गाडीची उंची एसीसकट विचारून घे. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेन (मोटरहोममधला स्वयंपाकाचा गॅस) नेता येत नाही आणि तिथला फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज २०२४ मध्ये पडला, तेव्हा आय-६९५ हायवेने पश्चिमेकडून वळसा.

एडिसनची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता खाली जाऊन आले, स्टिकरवर १,२१० आहे. डीलरला ‘नको’ म्हणून कळवलं. एप्रिलअखेरीस क्लास सी चार दिवस भाड्याने बघतोय. मावशी, एकच विचारायचंय, आतमध्ये फोडणी घालता येते का?

फिरस्ती_मावशी
मोहरी तडतडायच्या आत अलार्म वाजतो गं. बाहेर टेबलावर छोटी शेगडी मांड, कुकर पण तिथेच लाव, आणि आईंना खुर्ची दे शेजारी.