ग्राउंड पॅरट आणि बटनग्रास, तुलना कशी करायची?

प्रश्न: टास्मानियातला ग्राउंड पॅरट आणि तिथलंच बटनग्रास यांची तुलना लिहायचीये. एक पक्षी एक गवत, प्राणी-वनस्पती सोडून मुद्दाच सुचत नाहीये, कोणी सांगेल का प्लीज?

उत्तर १: आधी एक दुरुस्ती, बटनग्रास नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही. सायपरेसी कुळातलं आहे, म्हणजे आपल्या लव्हाळ्याचं, नागरमोथ्याचं नातेवाईक. लांब दांड्याच्या टोकाला गोल बटनासारखा फुलोरा येतो म्हणून ते नाव, आणि परागण वाऱ्याने होतं.

उत्तर २: मला विचाराल तर आगीचा मुद्दा घ्याच! बटनग्रास ओलं असतानाही पेटतं, पण बुंधा जिवंत राहतो आणि त्याच झुपक्यातून परत पानं फुटतात. आपल्याकडे लव्हाळं पुरात वाचतं म्हणतात ना, हे वणव्यातून वाचतं. पोपटाचं तसं नाही, त्याचं घरटं जमिनीवरच झुडपांच्या आडोशाला, त्यामुळे आग लागली की लपायची जागाच जाते आणि तो भाग सोडावा लागतो, झाडोरा वाढला की काही वर्षांनी परततो.

उत्तर ३: +१. शिवाय हा पोपट लव्हाळवर्गीय वनस्पतींच्या बिया खातो, हिरव्या अंगावर काळे-पिवळे पट्टे असल्याने त्या झुपक्यांत दिसतच नाही, पहाटे आणि संध्याकाळी आवाज आला तरच कळतं. मग नुसता फरक कशाला लिहायचा, नातंच लिहा की

प्रश्नकर्ता: आगीचा मुद्दा माहितच नव्हता, त्यावरूनच सुरुवात करते. खूप थँक्स सगळ्यांना 🙏