सातच जण आले, म्हणून ती स्पर्धा नव्हती का?

स्पर्धासचिव

आमची गोल्फ सोसायटी लहान आहे. स्वतःचा कोर्स नाही. महिन्यातून एकदा कुठेतरी टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्यायचे, स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलवरच्या फटक्यांवरून गुण देणारा प्रकार) खेळायचं आणि वर्षाच्या तक्त्यात गुण मांडायचे, एवढाच संसार. तक्ता साधा आहे: पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, मग ६, ४, २ आणि सहाव्याला १.

गेल्या स्पर्धेला १८ नावं होती. आदल्या रात्री पाऊस लागला आणि फोनवर एकेक नाव गळायला लागलं. सकाळी पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) आम्ही सात जण उभे. कोर्स सुरू होता, टी-टाइम आमच्या हातात होते. मी सगळ्यांना एकदाच विचारलं, खेळायचं ना? कुणी नाही म्हणालं नाही. तिघांचा ग्रूप पुढे, चौघांचा मागे. कार्डांची अदलाबदल केली, मार्कर (कोण कुणाचा स्कोअर नोंदणार ते) ठरवले आणि सुरुवात केली.

दोघांचे ३४-३४ गुण झाले. बरोबरी सोडवायला शेवटचे होल बघायचे, म्हणजे काउंटबॅक, त्यात शेवटच्या नऊ होलमध्ये १८ विरुद्ध १६. जिंकली ती आमच्याकडे गेल्याच वर्षी आलेली, २७ हँडिकॅपची (म्हणजे कुवतीनुसार फेरीत २७ फटक्यांची सूट असलेली) खेळाडू. मी तिचा मार्कर होतो, म्हणून चौदाव्या होलचं सांगतो. दुसरा फटका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला आणि बंकरमध्ये पाणी साचलेलं. तिनं नियम विचारला नाही, तो तिला ठाऊक होता: बंकरच्या आतच, होलच्या जवळ न जाता, दंडाशिवाय ड्रॉप, म्हणजे चेंडू उचलून दुसरीकडे टाकायचा. ओल्या जड वाळूतून तिसऱ्या फटक्यात चेंडू बाहेर, चौथ्याला ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर), तिथे दोन पट (चेंडू होलकडे लोटायचे फटके). सहा फटके, त्यातले दोन हँडिकॅपचे वजा, म्हणजे नेट पार (सूट धरून त्या होलसाठी ठरलेले तेवढेच फटके) आणि २ गुण. अशा दिवशी तो होल मीही इतका शांतपणे खेळलो नसतो.

संध्याकाळी निकाल ग्रूपवर टाकला आणि पहिला संदेश आला, 'सातच तर होते!' मग दुसरा, 'हे तक्त्यात धरणार आहात?' तिनं काहीच लिहिलं नाही. मला ते फार लागलं.

माझं मत सरळ आहे. स्पर्धा जाहीर झाली, नियमांनी खेळली गेली, कार्डांवर सह्या झाल्या, तर ती पूर्ण स्पर्धा आहे आणि गुणही पूर्ण मिळाले पाहिजेत. इतर सोसायट्यांत काय करतात?

दोन पट

जिंकणारीचं मनापासून अभिनंदन, आणि तुमच्या ग्रूपवरचे ते संदेश मलाही आवडले नाहीत. पण तक्त्याबद्दल तुमच्याशी असहमत आहे.

तुमच्याच पद्धतीनं मोजा. सहाव्या क्रमांकापर्यंत गुण आहेत आणि खेळाडू सात. म्हणजे सातांतल्या सहांना गुण मिळाले, फक्त शेवटचा कोरडा राहिला. १८ जण आले असते तर बाराजणांना काहीच मिळालं नसतं. १८ जणांत तिसरं येण्यासाठी १५ जणांना मागे टाकावं लागतं, सातांत चौघांना. तरी दोघांना ६-६ गुण? वर्षाच्या शेवटी तक्त्यात वर कोण, तर पावसाचे, थंडीचे, सुट्टीतले रिकामे दिवस न चुकता गाठणारा. तो मेहनती असेल, पण तो वर्षातला सर्वांत चांगला खेळाडू आहे असं तक्ता म्हणतो, आणि ते खरं नसतं.

स्पर्धा झाली, मान्य. बक्षीस द्या, मान्य. तक्त्यात निम्मे गुण द्या.

जुनी लोखंडं

दोन पट, तुम्ही आकड्याला फार मान देताय. पहिली ओपन चॅम्पियनशिप १८६० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला झाली, तेव्हा मैदानात एकूण आठ खेळाडू होते. बारा होलचा कोर्स, एकाच दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. पैशाचं बक्षीस नव्हतं, एक पट्टा होता. आज त्या यादीत विली पार्कच्या नावापुढे 'आठच तर होते' असं कुणी लिहीत नाही.

आणि एक सांगतो. मी चाळीसच्या वर वर्षं खेळतोय. दोन सोसायट्या माझ्या डोळ्यांदेखत बंद पडल्या. भांडण होऊन नाही. एकदा 'आज कमी आहेत, सोडून देऊ' म्हटलं, पुढच्या वेळी आणखी कमी आले. येणाऱ्यांना वाटायला लागलं की आपण गेलो तरी स्पर्धा होईलच असं नाही, मग कशाला सकाळी उठायचं? ज्या दिवशी सात येतात त्या दिवशी ती सात माणसंच सोसायटी असते. त्यांचा दिवस निम्मा ठरवलात तर पुढच्या पावसात तिघे येतील.

दोन पट

प्रेस्टविकचं उदाहरण इथे लागू होत नाही. ते आठ जण त्या काळचे निवडक व्यावसायिक होते. आपल्या सातांची निवड पावसानं केली. आणि पुढच्याच वर्षी, १८६१ ला, ती स्पर्धा हौशी खेळाडूंनाही खुली केली. सगळ्यांना उतरता आलं पाहिजे, तरच विजेतेपदाला वजन येतं, हे त्यांनाही जाणवलंच की.

दिवस रद्द करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझा मुद्दा वर्षाच्या तक्त्यापुरता आहे.

मार्कर

इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. हँडिकॅपसाठी त्या दिवशी किती जण खेळले याला महत्त्व नाही. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ धरतात. फेरी नियमांनी खेळलेली आणि मार्करनं तपासलेली असली की बस. सातांत खेळलेली फेरी आणि सत्तरांत खेळलेली फेरी, दोन्ही सारख्याच मोजल्या जातात.

एका ठिकाणी मात्र संख्या आड येते. त्या दिवशी कोर्स नेहमीपेक्षा अवघड खेळला का, हे ही पद्धत आलेल्या स्कोअरवरून ठरवते आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करते, उणे १ ते अधिक ३ पर्यंत. त्यासाठी हँडिकॅप इंडेक्स ३६ किंवा त्याखाली असलेल्यांचे किमान ८ स्कोअर लागतात. सात असतील तर दुरुस्ती नाही. पण हे आठ तुमच्याच सोसायटीचे असावे लागत नाहीत. त्या दिवशी त्या कोर्सवरून नोंदलेले सगळे पात्र स्कोअर धरतात, सकाळी दुसरे कुणी खेळून गेले असतील तर तेही.

आता तक्ता. तो कुठल्याही नियमपुस्तकात नाही, सोसायटीनं ठरवलेला असतो. म्हणून माझा एकच प्रश्न आहे, सचिवसाहेब: 'इतक्यांपेक्षा कमी आले तर निम्मे गुण' असं वर्षाच्या सुरुवातीला कुठे लिहिलं होतं का? नसेल तर या वेळी पूर्ण गुणच द्यावे लागतील. निकाल लागल्यावर अटी बदलणं कुणाच्याही बाबतीत चूक, आणि नव्या खेळाडूच्या बाबतीत तर जास्तच. बदल करायचा असेल तो पुढच्या वर्षीपासून.

अर्धी फेरी

सगळे येणाऱ्यांबद्दल बोलताय, म्हणून न येणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते.

मी आमच्या सोसायटीत वर्षातून चार-पाच वेळा खेळते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांच्याजवळ थांबायला कुणी मिळालं तर मी टीवर, नाही तर नाही. आमच्याकडेही एकदा ऐनवेळी आठच उरले होते आणि गळालेल्यांत मी होते. जुनी लोखंडं, तुमचं म्हणणं कळतं, पण 'कशाला सकाळी उठायचं' या वाक्यानं मला त्रास झाला. मी त्या दिवशी तुमच्यापेक्षा लवकर उठले होते.

हजेरीला गुण दिले की तक्ता ज्यांना वेळ मोकळा असतो त्यांचा होतो. आमच्याकडे बायकांची नावं त्यात वर दिसत नाहीत, त्याचं कारण खेळ नाही. म्हणून मी दोन पट यांच्या बाजूनं आहे, वेगळ्या कारणानं. पण निम्मे गुण हा उपाय मला पटत नाही. तो त्या २७ हँडिकॅपवालीवर अन्याय करतो, आणि माझं त्यानं काही भलं होत नाही. त्यापेक्षा वर्षातल्या दहांपैकी सर्वांत चांगल्या पाच किंवा सहाच फेऱ्या धरा. दहाही खेळणाऱ्याला निवडीचा फायदा राहील, पण डोंगर रचता येणार नाही.

जुनी लोखंडं

ताई, ते वाक्य मी मागे घेतो. ज्यांच्या घरी तसं काही आहे त्यांना ते लागेल हे लिहिताना लक्षात आलं नाही. मला म्हणायचं होतं ते हवामानाचा अंदाज बघून रात्री नाव काढणाऱ्यांबद्दल. सर्वांत चांगल्या सहा फेऱ्या, हे मला मान्य.

दोन पट

सहा फेऱ्या मलाही चालतील, पण त्यानं सातांतल्या दहा गुणांचा प्रश्न सुटत नाही. कारण लोक त्या सहांत रिकाम्या दिवसांचेच गुण घालतील. मग असं करू: जितक्यांना हरवलं तितके गुण, अधिक एक. सातांत पहिल्याला ७, चोवीसांत पहिल्याला २४.

मार्कर

हा हिशेब जरा पुढे नेऊन बघा. चोवीसांत दहाव्या आलेल्याला १५ गुण आणि सातांत जिंकलेल्याला ७. म्हणजे मधल्या फळीतली एक साधारण फेरी जिंकलेल्या फेरीच्या दुपटीहून जास्त मोलाची. वर्षातला एक गर्दीचा दिवस चुकला की तक्त्यातून बाहेर. अर्धी फेरी यांची अडचण यात आणखी वाढते.

क्रमांकांचे गुण सोडूनच द्या, असं मी सुचवेन. प्रत्येकाच्या सर्वांत चांगल्या सहा फेऱ्यांच्या स्टेबलफोर्ड गुणांची बेरीज करा. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसीच्या क्लबमध्ये स्पर्धेसाठी वापरली गेली तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे, की एखादा होल बिघडला तरी फेरी वाया जात नाही. त्यात तुमची लढत कोर्सशी आणि स्वतःच्या हँडिकॅपशी असते. ३६ गुण म्हणजे हँडिकॅपप्रमाणे खेळलात. मैदानात किती जण होते हा प्रश्नच राहत नाही. ३४ गुण सातांतही ३४ आणि चोवीसांतही ३४.

दोन पट

यात नवा प्रश्न येतो. उन्हातल्या कोरड्या दिवशी ३४ आणि तुमच्या त्या पावसात ३४ सारखे कसे? क्रमांकाचं एक बरं असतं, त्या दिवशीचं हवामान सगळ्यांना एकच. नुसती बेरीज केलीत तर पावसात येणाऱ्यांचंच नुकसान. हँडिकॅपमधली ती दुरुस्ती इथे उपयोगी नाही, कारण ती गुणांत होत नाही.

अर्धी फेरी

पण पावसातली वाईट फेरी चांगल्या सहांत धरलीच जाणार नाही ना? नुकसान कसलं? आणि ३४ इतकी चांगली असेल तर धरली जाईल. माझ्या मते मार्कर यांची सूचना आतापर्यंतची सर्वांत न्याय्य आहे.

स्पर्धासचिव

सगळ्यांचे आभार. मार्करसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून या वेळचे पूर्ण १० गुण तिला दिले आहेत आणि आज सकाळी तक्ता तसा लावला.

बक्षिसाचं इथे निघालं नाही, पण आमच्याकडे तोही वाद झाला. कुणीतरी सुचवलं की सातांचे जमलेले पैसे पाकिटात घालून देऊन टाका. हँडिकॅप स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही, त्यामुळे ते नाहीच. वस्तूच दिली. जमा रक्कम कमी म्हणून वस्तू लहान होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

पुढच्या वर्षासाठी सर्वांत चांगल्या सहा फेऱ्यांच्या बेरजेचा प्रस्ताव सभेत मांडतो. नाव मागे घ्यायची वेळ आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत ठेवावी असंही म्हणतोय, घरच्या अडचणीचा अपवाद करून, आणि अडचण कोणती हे कुणी विचारायचं नाही. दोन पट, तुमच्या निम्म्या गुणांचा पर्यायही मतदानाला ठेवीन. मी त्याविरुद्ध बोलणार आहे.

दोन पट

ठेवा, एवढंच हवं होतं. माझं मत बदललेलं नाही, सातांतला पहिला आणि चोवीसांतला पहिला मला अजून सारखे वाटत नाहीत. एक विचारायचं राहिलं. शेवटच्या नऊ होलमध्ये पावसात १८ गुण, म्हणजे तिनं तो अर्धा भाग नेमका हँडिकॅपप्रमाणे खेळला. पहिल्या नऊला १६. मध्ये काय बदललं?

स्पर्धासचिव

ग्रीन ओली होती आणि पट आखूड पडत होते. दहाव्या टीवर ती म्हणाली, आता होलच्या दोन फूट पुढे नेम धरते. त्यानंतर एकाही ग्रीनवर तिला तीन पट लागले नाहीत.