बारमाही शिंका : तुम्हाला कशाने उतार पडला?

सकाळी साडेपाचला गजर लावते, पण घर उठतं ते माझ्या शिंकांनी. एका दमात चौदा-पंधरा. मग नाकातून पाणी, टाळूला खाज, दुपारी नाक चोंदलेलं, संध्याकाळी डोकं जड. पावसाळा असो नाहीतर मे महिना. आजी म्हणायची, बाहेर पडताना कुणी शिंकलं की जरा बसावं, पाणी पिऊन निघावं. तिचं ऐकलं असतं तर अकरा वर्षांत आमच्या घरातून कुणी कामावर पोचलं नसतं.

ही सर्दी नाही, ॲलर्जी आहे, इथवर कळलंय. हळद-दूध आणि आल्याच्या चहाचे सल्ले पोटभर झालेत. ज्यांना खरंच उतार पडला त्यांनी नेमकं काय केलं, किती दिवसांनी फरक पडला आणि कशात पैसे वाया गेले, ते लिहाल का?

गॅलरीतली_गोधडी

आमच्याकडे गुन्हेगार निघाली गादी. लग्नातली, कापसाची, दोनदा पिंजून घेतलेली. हातावर थेंब टाकून टोचण्याची चाचणी केली. त्याआधी आठवडाभर सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची रोजची गोळी, बंद ठेवायला सांगितलं होतं, तो आठवडा शत्रूवरही येऊ नये. पंधरा-वीस मिनिटांत डस्ट माइटच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी टरारून आली. हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवा त्यांना मानवते. म्हणजे मुंबईत त्यांची चंगळच.

गादी-उशांना घट्ट विणीची, चेनवाली कव्हरं घातली. चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात मशीनला लावते. मुलीचं अस्वल ६० अंशांत टिकलं नसतं, म्हणून ते पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये, मटारांशेजारी, आणि मग धुवायला. पोरगी दर तासाला दार उघडून 'थंडी वाजतेय का रे' विचारत होती. दोन महिन्यांनी वीसच्या चार-पाच शिंका झाल्या. शून्य नाही, पण मला चालतं. गादी झटकायचं काम मात्र नवऱ्याकडे. आपणच झटकलं तर सगळी धूळ आपल्याच नाकात.

मूळचा_रत्नांग्रीचा

माझा अनुभव थोडा लाजिरवाणा आहे. नाक मोकळं करणारे थेंब तीन वर्षं घेत होतो. आधी रात्री एकदा, मग दर चार तासांनी. एक बाटली ऑफिसात, एक गाडीत, एक उशीखाली. एकदा गावी जाताना रात्रीच्या बसमध्ये बाटली नाही हे पनवेलला कळलं आणि मेडिकल शोधायला मी चक्क बसमधून उतरलो. बस गेली.

नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे थेंब तीन ते पाच दिवसांपुरते. त्यापुढे थेंबच नाक चोंदवतात. आधी एका नाकपुडीतले सोडले, आठवड्याने दुसरीतले. सोबत फ्लुटिकासोनचा स्प्रे. स्टिरॉइड म्हटल्यावर आई घाबरली, पण या स्प्रेतलं औषध रक्तात अगदी थोडं उतरतं. पूर्वी हाच स्प्रे तीन दिवसांत 'भिकार आहे' म्हणून फेकला होता. या वेळी दहाव्या दिवशी फोडणीचा वास आला. मोहरी, हिंग, सगळं. मी स्वयंपाकघरात उगाच उभा राहिलो.

पद्धतही महत्त्वाची. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या. स्प्रेचं तोंड कानाच्या बाजूला, मधल्या पडद्याकडे नाही. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं.

धागाकर्ती

थांबा! मी तो सरळ मधल्या पडद्यावरच मारत होते. रक्त यायला लागलं म्हणून सोडला. इतक्या वर्षांत कुणी हातात धरून दाखवलं नाही.

कृष्णाकाठचा_पेन्शनर

जलनेती करतो, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी सोडून दुसरीतून काढतो. पाणी उकळून कोमट केलेलं, कपभर पाण्याला अर्धा लहान चमचा साधं मीठ. पहिल्या दिवशी शहाणपणा करून बिनमिठाचं घेतलं, मस्तकात झिणझिण्या आल्या. नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याने माणसं दगावली आहेत. झाल्यावर वाकून उरलेलं पाणी काढायचं, हलक्याने शिंकरायचं. दिवस बरा जातो. ॲलर्जी जाते असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

बंगळुरी_मराठी

मी इंजेक्शनांच्या वाटेला गेले. ज्याची ॲलर्जी तेच अगदी थोड्या प्रमाणात टोचत डोस वाढवायचा. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. प्रत्येक वेळी टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण क्वचित जोराची रिॲक्शन येते. एकूण तीन ते पाच वर्षांचा मामला. पहिले सहा महिने काडीचा फरक नाही, नुसता खर्च. दुसऱ्या वर्षी नणंदेकडे मांजर मांडीवर घेऊन जेवले. घाई असेल तर या फंदात पडू नका.

दुपारची_डुलकी

माँटेलुकास्ट या ॲलर्जीवरच्या गोळीबद्दल एक. माझ्या सात वर्षांच्या मुलाला रात्री दचकून उठणं, भयंकर स्वप्नं, चिडचिड सुरू झाली. डॉक्टरांना विचारून बंद केलं, आठवड्यात शांत झोपू लागला. सगळ्यांना होतं असं नाही, पण अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये यावर सर्वांत कडक इशारा दिला आहे. आम्हाला देताना कुणी बोललं नव्हतं.

डोंबिवली_फास्ट

कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत बुरशीने काळी. बाहेरून पाइप गळत होता. पाइप दुरुस्त, भिंत खरवडली, कपाट वीतभर पुढे. अर्धी लढाई तिथे जिंकली. उरलेली सासूबाईंच्या अगरबत्तीशी. धुराची ॲलर्जी नसते म्हणे, पण सुजलेल्या नाकाला तो डिवचतो. तीन आठवडे चर्चा झाली. आता देवघरात निरांजन आणि अगरबत्ती गॅलरीत तुळशीपाशी. शेजारीण विचारत होती, हल्ली धूर आमच्याकडे का येतो.