रंजक, पण पोकळ नसलेली मराठी पुस्तके सुचवावीत

पानखूण:
माझे वाचन आता जवळजवळ पूर्णपणे कामापुरते उरले आहे. अहवाल आणि संदर्भग्रंथ यांच्यात दिवस जातो, परंतु रात्री उशीर झाला तरी पुस्तक खाली ठेववत नाही, असा अनुभव येईनासा झाला आहे. तो पुन्हा यावा म्हणून येथील वाचकांकडे शिफारशी मागत आहे. ‘वाचायलाच हवीत’ अशा पुस्तकांच्या याद्या माझ्यापाशी भरपूर आहेत आणि त्यांचे दडपण येते, हीच खरी अडचण आहे. म्हणून नावासोबत कृपया दोन गोष्टी सांगाव्यात: त्या पुस्तकात गोडी नेमकी कशाची आहे, आणि ते कोठे रेंगाळते. विनोदीच हवे असे नाही. पु. ल. देशपांडे यांची बहुतेक पुस्तके वाचून झाली आहेत, तेव्हा ती वगळली तरी चालतील.

समासातला:
आपण घातलेली दुसरी अट मला फार आवडली, कारण शिफारस करणारे पुस्तकाचे दोष सहसा लपवतात आणि मग वाचणाऱ्याला वाटते की कमतरता आपल्यातच आहे.

माझी पहिली शिफारस प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांची आहे. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ असे चार संग्रह आहेत, आणि ते याच क्रमाने वाचावेत. आजी-आजोबांकडे राहणारा हा शाळकरी मुलगा स्वतःच सगळे सांगतो. ज्याला त्याला ‘मॅड’ म्हणण्याची त्याची सवय, कानडी वळणाची त्याची बोली आणि सुमीविषयी त्याला जे वाटते पण नीट सांगता येत नाही ते, या तिन्हींमुळे वाचक हसत असतानाच मध्येच गप्प होतो. बालपणावरच्या पुष्कळ लेखनात मोठ्या माणसाचे उसासे ऐकू येतात. येथे ते येत नाहीत, हे मला या कथांचे सर्वांत मोठे यश वाटते. घटनांची ओढ असणाऱ्याला मात्र काही कथा संथ वाटतील, कारण त्यांत फारसे काही ‘घडत’ नाही. चारही संग्रह सलग न वाचता मध्ये अंतर ठेवावे, म्हणजे त्या निवेदनाची सवय होऊन त्याचा ताजेपणा कमी होणार नाही.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. हे आपल्या दडपणाच्या यादीत नक्कीच असणार, तरीही सुचवतो, कारण त्याच्यावरचे ‘अभिजात’ हे लेबल काढून वाचले तर ते विलक्षण खेळकर पुस्तक आहे. वडिलांचे टोकाचे सोवळे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, हे सारे ज्या बाईने सोसले तीच ते हसत सांगते, आणि कोणालाही दोषी ठरवायला बसत नाही. उत्तरार्धात माणसांची आणि गावांची गर्दी होते. तेथे नावे लक्षात ठेवण्याचा हट्ट सोडावा.

जुनी वही:
लंपनबद्दल दुमत नाही. परंतु ज्याला पुस्तकात बुडून जायचे आहे त्याला कथासंग्रह पुरे पडतील का, याविषयी मला शंका आहे, कारण प्रत्येक कथा संपली की वाचक पुन्हा काठावर येतो. अशा वेळी मोठी कादंबरीच हवी. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) दोन जाड खंडांची आहे. कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या तीत येतात, आणि सत्ता, वैर, वेड, माया यांचे असे काही मिश्रण आहे की पृष्ठसंख्येचा विसर पडतो. सुरुवातीला नात्यांचा गुंता होतो. एका कागदावर वंशावळ मांडून ठेवली की तो सुटतो.

परतीची वाट:
विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची आठवण अजून कोणी काढलेली नाही, याचे आश्चर्य वाटले. घरच्या कर्जामुळे, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघालेला एक भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडतो आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी प्रत्यक्ष त्या शहरात असतो, हे कथानक कल्पनेने रचले असते तर कोणाला खरे वाटले नसते. लेखकाला इतिहास लिहायचा नाही. त्याला जीव आणि चार पैसे वाचवून घरी पोहोचायचे आहे, आणि म्हणूनच पुस्तक इतके जिवंत झाले आहे. जुन्या वळणाची भाषा पहिली काही पाने अडखळवते. ती पाने मोठ्याने वाचावीत.

याच्या जोडीला विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (1939) सुचवतो. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित आणि डोक्यावर युद्धाचे सावट, एवढ्याच अवकाशात ती घडते, आणि एका बैठकीत वाचून होते.

जुनी वही:
‘रणांगण’ उत्कृष्ट आहे, पण ती वाचून होणाऱ्या अवस्थेला रंजन म्हणवत नाही. पानखूण यांनी ती सुट्टीच्या पहिल्या रात्री तरी घेऊ नये.

पानखूण:
सर्वांचे आभार. ‘वनवास’ आणि ‘माझा प्रवास’ ही दोन पुस्तके प्रथम घेतो, ‘रणांगण’ नंतर. आणखी एक विचारायचे आहे. कामाच्या दिवशी झोपण्यापूर्वी जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यात कथानकाचा धागा धरावा लागणार नाही असे काही आहे का?

समासातला:
दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (1956). चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक ललित लेख आहे, आणि झाडे, पक्षी, आकाश यांच्याकडे इतक्या बारकाईने पाहणारे गद्य मराठीत थोडेच आहे. त्यात गोष्ट नसल्यामुळे धागा सुटण्याचा प्रश्न येत नाही, मात्र वाक्ये दाट आहेत आणि फार थकलेल्या डोक्याला ती झेपत नाहीत. तशा रात्रींसाठी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव जवळ ठेवावा. त्या कथांमधले काही प्रसंग आणि स्त्रियांविषयीचे काही शेरे आज जुने वाटतात, पण चिमणराव आणि गुंड्याभाऊ एखाद्या साध्या कामाला निघाले की ते बिघडणार हे आधीपासून ठाऊक असूनही हसू आवरत नाही. ‘ऋतुचक्र’ मात्र चालू महिन्याच्या लेखापासून सुरू करावे, चैत्राची वाट पाहू नये.